मुदत उलटली, तरी घर मोकळे होत नाही

व्यापारात तारखेला धार असते. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी पैसा द्यावाच लागतो. माल ठरल्या दिवशी गोदामात पोहोचला नाही, तर घेणारा तो नाकारतो आणि दुसऱ्या पेढीशी सौदा करतो. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या माणसाच्या अंगात हा हिशेब मुरलेला असतो. त्यामुळे राहते घर अथवा गुंतवणूक म्हणून घेतलेली सदनिका विकताना साठेखतात ‘नव्वद दिवसांत उर्वरित रक्कम देऊन खरेदीखत करून घ्यावे’ असे वाक्य लिहिले, की एक्क्याण्णवाव्या दिवशी आपण मोकळे झालो असे त्याला मनापासून वाटते. तो इसार बुडाल्याचे घेणाऱ्याला तोंडी कळवतो, दलालाला नवे गिऱ्हाईक आणायला सांगतो, आणि मधल्या काळात भाव चढला असेल तर मनात सुखावतोही. पुढे दोन वर्षांनी दिवाणी न्यायालयाचे समन्स दारात येते, तेव्हा तेच घर पहिल्या घेणाऱ्याच्या नावे करून देण्याची मागणी त्यात वाचून तो चक्रावतो.

चूक त्याच्या नीतीची नसते, समजुतीची असते. मालाच्या सौद्यातील तारीख आणि घराच्या सौद्यातील तारीख यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५५ ने हा भेद दीडशे वर्षांपूर्वीच आखून ठेवला आहे. मुदत हे कराराचे मर्म असेल, तर ती चुकताच समोरच्या पक्षाला करार मोडण्याचा अधिकार मिळतो. मुदत हे मर्म नसेल, तर करार जिवंतच राहतो. विलंबामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. व्यापारी मालाच्या बाबतीत मुदत हे मर्म आहे असे सर्वसाधारणपणे धरले जाते. स्थावर मालमत्तेच्या बाबतीत तसे गृहीत धरले जात नाही. करारात तारीख लिहिलेली असली तरीसुद्धा नाही.

वकिलांच्या बोलण्यात ‘चांद राणी’ या नावाने येणारा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल १९९२ च्या अखेरीस लागला. त्यातील हकीकत आजही बोधप्रद आहे. दिल्लीतील एका मिळकतीचा १९७१ साली १,७८,००० रुपयांना सौदा ठरला. ३०,००० रुपये त्याच वेळी दिले गेले, ९८,००० रुपये दहा दिवसांच्या आत द्यायचे होते आणि उरलेले ५०,००० नोंदणीच्या वेळी. घेणाऱ्याचे म्हणणे पडले, की आधी तळमजल्याचा ताबा मिळावा, मग दुसरा हप्ता. न्यायालयाने प्रथम सर्वसाधारण नियम सांगितला: स्थावराच्या विक्रीत मुदत हे मर्म आहे असे गृहीतक नाही. परंतु कराराची भाषा, मालमत्तेचे स्वरूप आणि आजूबाजूची परिस्थिती यांवरून पक्षांचा हेतू निराळा दिसत असेल, तर तोच हेतू मानावा लागेल. या सौद्यात दहा दिवसांची अट नेमक्या शब्दांत घातली होती, म्हणून ती मर्म ठरली आणि घेणाऱ्याचा दावा टिकला नाही. विकणाऱ्याच्या बाजूने निकाल गेला तो तारीख लिहिली होती म्हणून नव्हे. ती तारीख चुकल्यास चालणार नाही हे करारातून दिसत होते म्हणून.

दुसरा निकाल १९९७ चा. मदुराईतील एका घराचा १५ डिसेंबर १९७८ रोजी ६०,००० रुपयांना करार झाला, इसार फक्त ५,००० रुपये. सहा महिन्यांत घेणाऱ्याने मुद्रांक विकत घेऊन खरेदीखताची तयारी करायची होती. तो अडीच वर्षे गप्प बसला आणि १९८१ च्या जुलैमध्ये अचानक नोटीस पाठवून घर मागू लागला. तोवर भाव तिपटीने वाढले होते. किरकोळ इसारावर कुणी घर अडवून ठेवावे आणि भाव चढल्यावर जागे व्हावे, हे न्यायालयाने मान्य केले नाही. २०११ साली त्याच न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. स्थावराचे भाव वर्षानुवर्षे स्थिर असत त्या काळात ‘मुदत मर्म नाही’ हा नियम रुजला. शहरी जमिनीच्या किमती झपाट्याने वाढत असताना तो डोळे मिटून लावता येणार नाही, असे त्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. मुदत अधिनियमाने दावा लावण्यास तीन वर्षे दिली आहेत, याचा अर्थ घेणाऱ्याने तीन वर्षे स्वस्थ बसावे असा होत नाही, हेही त्यात आले.

एवढे वाचून विकणाऱ्याने निश्चिंत होऊ नये. १ ऑक्टोबर २०१८ पासून विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात मोठा बदल झाला आहे. पूर्वी घर प्रत्यक्ष नावावर करून द्यायला लावावे की नुसते पैसे परत करण्यास सांगावे, हे बरेचसे न्यायाधीशांच्या विवेकावर असे. आता कायद्यात सांगितलेले अपवाद वगळता कराराची प्रत्यक्ष पूर्तता करून देणे हाच नियम झाला आहे. आपण आपला भाग पुरा करण्यास सतत तयार आणि राजी होतो, एवढे मात्र घेणाऱ्याला सिद्ध करावे लागते. तेव्हा वादाच्या दिवशी प्रश्न ‘तारीख कोणती होती’ एवढाच नसतो. त्या तारखेला कोण तयार होते, हे पाहिले जाते.

आणि नेमके इथेच बहुतेक विकणारे उघडे पडतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ ने विकणाऱ्यावर जी कर्तव्ये टाकली आहेत, त्यांतील बरीचशी खरेदीखताच्या दिवसाआधीच पार पडायला हवीत. मिळकतीतील अथवा हक्कातील जो दोष घेणाऱ्याला सहज दिसणार नाही पण विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो सांगणे. हक्काची कागदपत्रे तपासायला देणे. त्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणे. विक्रीच्या तारखेपर्यंतचे कर व बोजे चुकते करणे. आणि करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत घर शहाण्या मालकाप्रमाणे सांभाळणे. जो स्वतः कागदपत्रे दाखवू शकला नाही, त्याला घेणाऱ्याने पैसे वेळेवर आणले नाहीत अशी तक्रार करण्याचा अधिकार फार दुबळा उरतो.

व्यापारी घराण्यांत अडचण बहुधा दोन ठिकाणी येते. पहिली तारणाची. धंद्याच्या कॅश क्रेडिटसाठी राहते घर बँकेकडे गहाण ठेवणे ही रोजची गोष्ट आहे. घराची मूळ कागदपत्रे तिजोरीत नसून बँकेत असतात, आणि साठेखत करताना ‘कर्ज फेडले की मिळतील’ एवढ्या भरवशावर दोन महिन्यांची मुदत घातली जाते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानुसार संपूर्ण कर्जफेड झाल्यापासून तीस दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रे परत द्यावयाची आहेत व बोजा उतरवून घ्यावयाचा आहे. विलंब बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासून मोकळ्या होणाऱ्या कर्जांना हा नियम लागू आहे. परंतु तीस दिवस म्हणजे तीस दिवस. घेणाऱ्याच्याच पैशातून कर्ज फेडायचे असेल, तर त्याचा हप्ता, बँकेचे तीस दिवस आणि घेणाऱ्याच्या बँकेची तपासणी या साऱ्यांचा हिशेब मांडल्यावरच मुदत ठरवायला हवी. नव्वद दिवसही मग अपुरे पडतात.

दुसरी अडचण कुटुंबाची, आणि ती अधिक नाजूक आहे. वडिलांच्या नावावरचे घर, तिघा भावांची एकत्र पेढी, लग्न होऊन सोलापूर-बेळगावकडे गेलेल्या बहिणी. थोरला भाऊ कर्ता म्हणून साठेखतावर सही करतो आणि बाकीच्यांच्या सह्या ‘घरच्याच आहेत, होतील’ म्हणून सोडून देतो. हिंदू उत्तराधिकार कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सहदायकी मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. घेणाऱ्याचा वकील सर्च रिपोर्टसाठी बसला की पहिला प्रश्न बहिणींच्या हक्कसोडपत्राचा विचारतो. मग फोन सुरू होतात. कुणाचे यजमान म्हणतात, पर्युषण झाल्यावर बघू. कुणाला आपल्याला आधी विचारले नाही याचे वाईट वाटलेले असते, आणि ते वाटणे चुकीचे म्हणता येत नाही. मुदत तिथेच निघून जाते, आणि ती विकणाऱ्याच्या बाजूने चुकलेली असते. घर विकायचे ठरले की दलालाला बोलावण्याआधी बहिणीला बोलवावे, हा रिवाज न्यायालयाच्या भीतीने का होईना पडला तर बरे.

सोसायटीतील सदनिकेच्या बाबतीत आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतराच्या इराद्याची पंधरा दिवसांची नोटीस सोसायटीला द्यायची असते. हे छोटे काम आहे, पण थकबाकी असेल तर तेच घसा आवळते.

आता मुदतीच्या कलमाची भाषा. ‘मुदत हे या कराराचे मर्म आहे’ हे एक वाक्य लिहिणे इष्टच, पण त्या वाक्याला बाकीच्या कराराने साथ दिली पाहिजे. त्याच करारात पुढे ‘उशीर झाल्यास घेणाऱ्याने अठरा टक्के व्याज द्यावे’ असे लिहिले असेल, तर उशीर चालणार होता असा अर्थ निघू शकतो. नव्वद दिवस कोणत्या घटनेपासून मोजायचे, हेही स्पष्ट हवे: साठेखताच्या नोंदणीपासून, की कागदपत्रे दाखवल्यापासून. विकणाऱ्याला त्या तारखेची घाई का आहे, हे करारातच नोंदवणे फार उपयोगी पडते. त्याने दुसरे घर घेतले आहे आणि त्याचा हप्ता अमुक दिवशी आहे, मुलीचे लग्न आहे, पेढीचे कर्ज फेडायचे आहे. ‘आजूबाजूची परिस्थिती’ म्हणून न्यायालय जे पाहते, ते हेच. तारीख मुळीच न घालणे तर सर्वांत घातक. तशा करारात दावा लावण्याची तीन वर्षे विकणाऱ्याने नकार दिल्याचे घेणाऱ्याला कळते त्या दिवसापासून मोजली जातात. जुन्या इसारपावत्या वर्षांनंतर डोके वर काढतात त्या यामुळे.

इतके नेटके कलम लिहूनही ते एका चहाच्या पेल्यात विरघळते. घेणारा ओळखीचा असतो, समाजातला असतो, कधी व्याह्यांचा व्याही असतो. तो मुदत संपल्यावर वीस दिवसांनी पाच लाखांचा धनादेश घेऊन येतो आणि विकणारा तो मुकाट्याने खात्यात भरतो. तेवढ्याने मुदत वाढवून दिल्यासारखे होते, आणि ज्या दिवशी मुदत वाढली त्या दिवशी ती मर्म राहिली नाही असा युक्तिवाद उभा राहतो. सवलत द्यायला हरकत नाही. व्यवहार माणुसकीनेच चालतो. ती लेखी द्यावी. नवी तारीख लिहावी, तीही मर्म आहे असे नमूद करावे, आणि विलंबाच्या भरपाईचा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहोत असे त्याच वेळी कळवावे. कलम ५५ प्रमाणे ही नोटीस रक्कम स्वीकारतानाच द्यावी लागते. मागाहून दिलेली चालत नाही. मूळ करारात मुदत ढिली लिहिली गेली असेल, तरी सारे संपत नाही. आपली तयारी पूर्ण झाल्याचे सांगून, वाजवी दिवसांची अखेरची मुदत देणारी नोटीस वकिलामार्फत पाठवता येते. मात्र चार दिवसांची नोटीस म्हणजे नोटीस नव्हे. घेणाऱ्याचे गृहकर्ज मंजूर होण्यास खरोखर किती अवधी लागतो, हे पाहूनच दिवस ठरवावेत.

इसाराविषयी तर गैरसमजांचा ढीग आहे. घेणाऱ्याने सौदा मोडला, की आजवर मिळालेले सगळे पैसे आपले, असे विकणारे सर्रास धरून चालतात. १९६३ च्या ‘फतेहचंद’ प्रकरणात दिल्लीतील मिळकतीचा सौदा १,१२,५०० रुपयांचा होता. १,००० रुपये इसार आणि ताबा देताना २४,००० रुपये, असे एकूण २५,००० विकणाऱ्याकडे आले होते, आणि सौदा मोडल्यास ते सगळे जप्त होतील असे करारात लिहिले होते. घटनापीठाने इसाराचे १,००० जप्त करण्यास मुभा दिली. २४,००० ही दंडाची अट ठरवली. नुकसान सिद्ध केल्याशिवाय ती रक्कम नुसत्या अटीच्या जोरावर खिशात घालता येत नाही. पुढे २०१२ च्या एका निकालात ७० लाखांच्या सौद्यातील ७ लाख रुपये जप्त करणे न्यायालयाने योग्य मानले, कारण ती रक्कम पूर्ततेची हमी म्हणून दिलेला इसारच होती आणि करारात तसे स्पष्ट होते. म्हणजे करारात कोणती रक्कम इसार आणि कोणती किमतीचा हप्ता, हे वेगळे लिहिलेले हवे. आणि इसारही जप्त होतो तो घेणाऱ्याच्या चुकीने सौदा फिसकटल्यावरच. बहिणीची सही नाही म्हणून खरेदीखत अडले असेल तर उलट विकणाऱ्यालाच पैसे परत द्यावे लागतात, आणि त्या पैशासाठी घरावर घेणाऱ्याचा बोजा राहतो. जप्त केलेला इसार हे करपात्र उत्पन्न आहे, हेही चोपड्यात लिहिताना ध्यानी असावे. इसार रोखीने घेण्याची जुनी सवय तर आता पूर्ण मोडायला हवी: स्थावराच्या व्यवहारात २०,००० वा अधिक रक्कम रोख स्वीकारल्यास तितकाच दंड बसू शकतो.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर विकण्याआधी पहिल्या साठेखताचा निकाल लावणे अत्यावश्यक आहे. साठेखत नोंदवलेले असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या सूचीत दिसतच राहते, आणि कुठलाही सावध घेणारा ते पाहून मागे सरतो. उभयतांच्या सहीचा नोंदणीकृत रद्दलेख हा सर्वांत स्वच्छ मार्ग. त्यासाठी इसारातील काही रक्कम परत करावी लागली, तरी ती बहुधा स्वस्तच पडते. पहिल्या घेणाऱ्याने दावा लावून त्याची नोटीस नोंदवली असेल, तर महाराष्ट्रात त्यानंतर झालेली विक्री त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते. मग घर आपलेच, पण विकता येत नाही, अशी अवस्था वर्षानुवर्षे टिकू शकते.

ताबा आधी देण्याचा मोह याच कारणाने टाळावा. ‘अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त आहे, पूजा करून घेऊ द्या, पैसे पुढच्या महिन्यात’ असे म्हणणाऱ्याला नाही म्हणणे जड जाते. पण नोंदणीकृत करारान्वये ताबा घेतलेला आणि आपला भाग पुरा करण्यास तयार असलेला माणूस कलम ५३क च्या आधाराने घरातच राहू शकतो. किंमत बाकी आहे म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या साठेखतावर खरेदीखताइतके मुद्रांक शुल्कही लागते. मुहूर्ताची पूजा दोन तासांसाठी किल्ली देऊन, संध्याकाळी परत घेऊनही होते.

कराच्या तारखा मात्र कुणाच्या विलंबाची दखल घेत नाहीत. राहत्या घराच्या विक्रीतून झालेल्या दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर सूट हवी असेल, तर नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावे लागते. बांधायचे असल्यास तीन वर्षांत. पुष्कळ कुटुंबे आधी नवे घर घेतात आणि मग जुने विकतात. अशा वेळी जुन्या घराचे खरेदीखत घेणाऱ्यामुळे चार-पाच महिने लांबले, तर आधीचे ते एक वर्ष उलटून जाऊ शकते आणि सूट हातची जाते. मुदत मर्म का आहे हे करारात नोंदवण्याचे याहून ठोस कारण क्वचितच सापडेल. किंमत ५० लाख वा अधिक असेल तर निवासी विकणाऱ्याला देताना एक टक्का कर घेणारा कापून घेतो. अंतिम रकमेचा हिशेब करताना तो धरलेला असावा, नाहीतर नोंदणी कार्यालयातच वाद सुरू होतो.

ठरलेल्या दिवशी घेणारा आलाच नाही, तर विकणाऱ्याने घरी बसू नये. आदल्या आठवड्यात लेखी कळवून, मूळ कागदपत्रे, कर भरल्याच्या पावत्या आणि सर्व सहधारक घेऊन त्याने दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहावे, आणि तेथे हजर असल्याचा काही लेखी पुरावा जपून ठेवावा. घेणारा आला आणि सह्या झाल्या, तर दस्त त्याच दिवशी नोंदणीला सादर करावा; कायदा चार महिने देतो, पण त्या चार महिन्यांची गरज पडू देण्याचे काही कारण नाही. रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री, मग सही, मग किल्ल्या. आणि ताबापावतीवर वीजमीटरचे त्या दिवशीचे वाचन.